नानांनी तोडलेले लाल दिवे

४ जानेवारी

चि. संशयराव यांस,

फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला वाजतं आणि पलीकडच्या खोलीत नाना कान टवकारून बसतात, म्हणून हे पत्र. शिवाय त्यांचं म्हणणं तुला पाठच आहे : तोंडी सूचना पहिल्या वळणावर गळून पडते, लिहिलेली तेवढी राहते. पस्तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेल्या माणसाच्या घरात जन्म घेतला की असलं ऐकावं लागतं.

नाना बरे आहेत. झटक्यानंतर बोलणं अजून जड येतं, म्हणून फोनवर येत नाहीत. लोकांना आपली जीभ घसरलेली ऐकू जाऊ नये असं त्यांना वाटतं. डावा हात मात्र आळशी पडलाय. फिजिओथेरपिस्ट बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी दोनदा खिडकीतून बाहेर फेकला. मग बाईंनीच सुचवलं, की माणूस ड्रायव्हिंगचा आहे तर कॉम्प्युटरवर गाडी चालवायला द्या, दोन्ही हात आपोआप हलतील. मी स्टीअरिंग आणि पेडलं आणून जेवणाच्या टेबलाला आवळून टाकली आहेत. आम्ही तिघं आता स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने जेवतो.

अडलंय ते खेळापाशी. मालट्रक चालवायचा एक खेळ आहे, तो नानांना हवाय. मी दुकानात जाऊन सीडी मागितली तर तो दुकानदार माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी पाटा-वरवंटा मागितला. म्हणे आता सगळं डाउनलोड. घरी येऊन बघितलं तर चार-पाच दुकानं, प्रत्येकाचा भाव निराळा, अटी निराळ्या. मी कवळ्या बनवणारी बाई. मला जबड्याचं माप घेता येतं, यांचं येत नाही. तू लिफ्ट तपासतोस, प्रत्येक गोष्टीत खोट काढणं हा तुझा पोटापाण्याचा धंदा. तेव्हा कुठून घ्यायचा ते सांग.

तुझी ताई

१३ जानेवारी

प्रिय ताई,

चार संध्याकाळी खर्च करून अटी वाचल्या. सगळ्या. ‘मला मान्य आहे’च्या वर जे बारीक अक्षरांत असतं तेही. लिफ्टच्या कामात एक कळलंय : ज्या लिफ्टचे कागद चोख असतात तीच दोन मजल्यांच्या मधे अडकते.

दुकान पहिलं, मोठं. सगळं जग इथूनच घेतं. पण यात आपण खेळ विकत घेतच नाही, फक्त खेळायची परवानगी घेतो. उद्या त्यांनी खातं बंद केलं तर खेळ गेला. त्यांचा एक प्रोग्राम कॉम्प्युटरवर सतत बसून राहतो. फायदे असे, की पटला नाही तर दोन तास खेळायच्या आत परत देता येतो, आणि खेळ कुठवर आला ते त्यांच्याकडे सुरक्षित राहतं.

दुकान दुसरं, त्याला मी बरणीवालं म्हणतो. पैसे दिले की अख्खी फाइल आपल्या हातात. बरणीत भरून फडताळात ठेवावी तशी ठेवा, कुलूप नाही, इंटरनेट लागत नाही, कुणाचा पहारा नाही. प्रामाणिक वाटतं. म्हणूनच मी जास्त शोधलं, पण काही सापडलं नाही.

तिसरं दर आठवड्याला एक खेळ फुकट देतं. फुकट देणारा माणूस काय विकतोय ते कळेपर्यंत त्याच्या दारात उभं राहू नये. चौथं नुसते कोड विकतं, निम्म्या भावात. ते कोड त्यांच्याकडे कुठून आले हे कुठेच लिहिलेलं नाही. तिकडे फिरकू नकोस.

सगळं तोलून माझं मत : मोठं दुकान. नानांच्या नावाने खातं काढ आणि मला मित्रयादीत घे.

तुझा धाकटा

२२ जानेवारी

चि. संशयराव,

बरणीवाल्याची इतकी तारीफ करून शेवटी माळ मोठ्याच्या गळ्यात? मी पण तुझीच बहीण आहे. खातं काढल्यावर कळलं. मित्रयादीत नाव आलं की समोरचा खेळायला बसल्याबरोबर हिरवा ठिपका दिसतो. किती तास खेळला, किती किलोमीटर गेला, सगळं पाटीवर. म्हणजे तुला नानांसाठी खेळ नको होता, ताई नानांकडे नीट बघते की नाही हे बघायला खिडकी हवी होती! सरळ सांगितलं असतंस तर मी काय नाही म्हणाले असते? म्हणाले असते. तरी सांगायचं होतंस.

असो, घेतलं. नाना सकाळी नाश्ता झाला की दहाला बसतात ते बारापर्यंत. डावा हात स्टीअरिंगवर चिकटून असतो, त्यांच्याही लक्षात येत नाही. बाई खूश आहेत. रविवारी तुझे भावोजी शेजारून जाताना ‘सावकाश, सावकाश’ म्हणतात आणि नाना त्यांना हॉर्न वाजवून दाखवतात.

बघ आता खिडकीतून पोटभर.

ताई

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हो, खिडकी हवी होती. खोटं बोललो. नाना फोनवर येत नाहीत, तू म्हणतेस ‘बरे आहेत’, आणि झटक्याच्या आदल्या दिवशीही तू ‘बरे आहेत’च म्हणाली होतीस. माझा तुझ्यावर नाही, त्या शब्दावर विश्वास नाही. सकाळी दहाला ठिपका हिरवा झाला की माझा दिवस सुरू होतो. मला त्यांची खूप आठवण येते, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही.

पण ताई, ती पाटी तू नीट वाचलीस का? त्यात ‘तोडलेले लाल दिवे’ असा एक आकडा आहे. नानांचा दोनशे सोळा! ज्या माणसाने मला रिकाम्या रस्त्यावर, चिटपाखरू नसताना, पिवळ्या दिव्याला न थांबल्याबद्दल स्कूलच्या गाडीतून उतरवून घरी चालत पाठवलं, तो माणूस रोज दहा-पंधरा लाल दिवे उडवतोय! मी खोलीत एकटाच खो खो हसलो. दर रविवारी आकडा वहीत टिपून ठेवतो.

त्यांना विचार तरी, का?

तुझा धाकटा

१६ फेब्रुवारी

चि.,

विचारलं. शब्द जुळवायला वेळ लागला, पण म्हणाले, “पस्तीस वर्षं दुसऱ्याच्या ब्रेकवर पाय ठेवून बसलो. आता बघतो न थांबता काय होतं ते.” आणि माझ्यादेखत शाळेसमोरचा सिग्नल तोडला. मी डोळे मिटून घेतले. खेळ आहे हे कळतं रे, पण माझा उजवा पाय आपोआप दाबला गेला.

खूप दिवसांनी त्यांना असं हसताना बघितलं.

ताई

१८ मार्च

चि. संशयराव,

पत्राला उशीर झाला. लॅबमध्ये कवळ्यांची गर्दी होती.

एक विचार चाललाय. तू म्हणाला होतास तेच बरोबर, ते मोठं दुकान काही खरं नाही. सतत काहीतरी अपडेट मागतं, जाहिराती दाखवतं. त्यापेक्षा बरणीवाल्याकडून तोच खेळ परत घ्यावा म्हणते. फाइल आपल्या घरात राहील, इंटरनेटची कटकट नाही. नानांनाही तेच बरं पडेल.

तुझं काम कसं चाललंय? नाना सगळ्यांना सांगतात, माझ्या मुलाच्या सहीशिवाय त्या शहरात लिफ्ट वर जात नाही.

नाना बरे आहेत.

ताई

२६ मार्च

ताई,

तुझं पत्र पाच वेळा वाचलं. माझ्या सवयीने.

एक : बरणीवाल्याकडे गेलीस तर मोठ्या दुकानातली प्रगती तिकडे जात नाही. नानांचे नव्वद तास, त्यांनी मिळवलेले ट्रक, सगळं शून्यावर. नाना असं करू देतील? जुन्या गाडीचा गिअरचा गोटासुद्धा त्यांनी कपाटात ठेवलाय.

दोन : बरणीवाल्याकडे ठिपका नाही, पाटी नाही. जानेवारीत तुला खिडकी टोचत होती, तरी तू ती उघडी ठेवलीस. आता अपडेटचं निमित्त करून पडदा ओढतेस.

तीन, आणि हे खरं. माझ्या वहीत २२ फेब्रुवारीला लाल दिवे तीनशे अकरा. पुढचे दोन आठवडे, एकदा पाच मिनिटं सोडली तर, ठिपका उगवलाच नाही. ८ मार्चला उगवला. तेव्हापासून रोज दहा ते बारा, नियमाने. किलोमीटर वाढतायत. लाल दिवे तीनशे अकराच. एकही नाही, ताई! टक्कर नाही, वेगमर्यादा मोडलेली नाही. त्या स्टीअरिंगवर बसलेला माणूस नाना नाहीत.

मला वाटतं भावोजी आहेत. पायी जातानाही मोकळ्या रस्त्यावर सिग्नलला उभा राहणारा आपल्या घरात तो एकच माणूस आहे. त्यांनी नानांना उठवून तिथे बसकण मारली का? की नानांना आता बसवतच नाही?

तीनदा फोन केला. तीनदा ‘झोपलेत’. सकाळी अकराला?

नाना कुठे आहेत?

४ एप्रिल

चि.,

नाना घरातच आहेत, कुठे जाणार? तुझ्या भावोजींना बिचाऱ्यांना मधे ओढू नकोस. ते औषधाच्या दुकानात सकाळी नऊला जातात ते दुपारी दोनला येतात, आणि पत्त्यांचा डावसुद्धा लांबून बघतात. माणूस म्हातारपणी सुधारतो, नानाही सुधारले असतील. तेवढ्यावरून तू राईचा पर्वत करतोयस.

आणि खिडकीचंच म्हणशील तर ती दोन्ही बाजूंनी उघडते, हे तू विसरलास. मलाही तुझा ठिपका दिसतो, लॅबमध्ये फोनवरसुद्धा. सोमवार, सकाळी अकरा, हिरवा. बुधवार, दुपारी एक, हिरवा. गुरुवारी तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कामाच्या दिवशी हा लिफ्ट-निरीक्षक कुठल्या लिफ्टमध्ये कॉम्प्युटर घेऊन बसतो? तू पण काहीतरी लपवतोयस. मी विचारत नाही, तू पण विचारू नकोस.

ताई

११ एप्रिल

ताई,

माझं राहू दे. माझं नंतर.

मला रात्रंदिवस एकच गोष्ट खातेय. तू लिहिलंस ‘नाना घरातच आहेत’. ‘बरे आहेत’ हे या वेळी तू लिहिलं नाहीस. इतकी वर्षं मी त्या शब्दावर चिडलो, आणि आता तो दिसला नाही तर पत्र उलटसुलट करून शोधत बसलो.

भांडण नको. एक साधी तपासणी करू. रविवारी, एकोणीस तारखेला, सकाळी दहाला नानांना स्टीअरिंगवर बसव आणि एक लाल दिवा तोडायला सांग. एकच. त्यांना तो हातचा मळ आहे. तीनशे अकराचे तीनशे बारा झाले की मी गप्प बसेन, पुन्हा कधी संशय घेणार नाही. झाले नाहीत तर मी मनाशी जे धरायचं ते धरेन.

आणि ताई, ते नसतील तर मला आत्ता सांग. असं ठिपक्याच्या मागे ठेवू नकोस.

२० एप्रिल

माझ्या बाळा,

नाना आहेत. आधी हे वाच, एकदा मोठ्याने वाच, मग पुढचं.

२४ फेब्रुवारीला त्यांना दुसरा झटका आला. नऊ दिवस हॉस्पिटलमध्ये होते. जीव वाचला, हात पूर्वीइतकाच आहे, पण डावीकडचं दिसायचं बंद झालं. डोळे धड आहेत, डॉक्टर म्हणतात दोष मेंदूत आहे, आणि तो बहुतेक तसाच राहणार. ताटातली डावी बाजू तशीच उरते. डावीकडून कुणी बोललं तर दचकतात. घरी आल्या आल्या त्यांनी ट्रक काढला आणि पहिल्याच वळणावर डावीकडच्या भिंतीवर घातला. परत काढला, परत घातला. तिसऱ्यांदा त्यांनी स्टीअरिंगवरून हात काढले आणि मांडीवर ठेवून बसले. मला ते बघवलं नाही.

तुला कळवायचं नाही, हे त्यांनी मला शपथ घालून सांगितलं. पहिल्या झटक्याच्या वेळी तू नोकरी सोडून धावत आलास, आठ महिने त्यांच्या उशाशी बसलास, आणि मग वर्षभर दारोदार काम शोधत फिरलास. “पोराला माझ्यापायी पुन्हा घरी बसवायचं नाही,” म्हणाले. पण तू ठिपका बघत असणार हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून मी बसले. ८ मार्चपासून लॅबमध्ये दुपारची पाळी मागून घेतली. दहा ते बारा मी चालवते आणि नाना माझ्या डावीकडे, जुन्या सवयीने शिकवणाऱ्याच्या जागेवर बसतात. तिथून त्यांना पडदा अख्खा दिसतो. खाली काही नसताना पाय ब्रेकवर दाबतात, आरसा बघ म्हणतात, क्लच असा नाही तसा.

आणि रोज ओरडतात, “तोड की गं!” मला जमत नाही. तुला आठवतं, मला गाडी त्यांनीच शिकवली. लाल दिसला की माझा पाय उठतच नाही. तुला पकडायला मी एवढंसं कारण दिलं हे मला तुझं पत्र येईपर्यंत सुचलंही नव्हतं.

काल दहाला बसले. ठरवून बसले, की तुझा तीनशे बारा करायचा आणि विषय मिटवायचा. दिवा लाल झाला. मी पेडलवर पाय ठेवला, उचलला, परत ठेवला. दिवा हिरवा झाला, मागचे ट्रक हॉर्न मारायला लागले, परत लाल झाला. असं चार वेळा. नानांनी विचारलं, आज एवढा घाम का गाळतेस? तेव्हा मी तुझं पत्र त्यांच्या उजव्या बाजूला धरलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. ‘ते नसतील तर’ इथे आले आणि रडायला लागले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं बघितलं नव्हतं. मग म्हणाले, “लिही त्याला. सगळं लिही.”

मी खोटं बोलले. दोन महिने बोलले. हॉस्पिटलच्या बाकावर बसून वाटायचं, तो असता तर निदान चहा आणायला तरी कुणी गेलं असतं. पण नोकरी आहे तुझी, म्हणून गप्प बसले.

ताई

२७ एप्रिल

ताई,

नाही. नोकरी नव्हती माझी.

बारा मजली ऑफिसची एक लिफ्ट होती. ब्रेकचं अस्तर झिजून कागद झालं होतं. साहेब म्हणाले सही कर, अस्तर पुढच्या महिन्यात बदलू. मी केली नाही. दोन दिवस त्यांनी समजावलं, तिसऱ्या दिवशी माझं टेबल रिकामं करून दिलं. तारीख १७ फेब्रुवारी. तुझ्या २४ तारखेच्या बरोबर आठवडाभर आधी.

तुम्हाला कळवलं नाही, कारण नाना सगळ्यांना काय सांगत फिरतात ते मला आधीपासून माहीत होतं, मग तूही तेच लिहिलंस. झटक्यातून उठलेल्या माणसाला हे कसं सांगायचं? काम मिळालं की सांगू म्हटलं. अजून मिळालं नाही. रोज सकाळी कॉम्प्युटर लावून अर्ज करायचे आणि दहाला नानांचा ठिपका हिरवा व्हायची वाट बघायची, एवढंच चाललं होतं.

तुम्ही माझी नोकरी जाऊ नये म्हणून गप्प बसलात. मी इथे रिकामा बसून, तुमच्या जिवाला घोर लागू नये म्हणून गप्प बसलो. तू त्या बाकावर एकटी होतीस आणि मी सात तासांच्या अंतरावर वहीत आकडे टिपत होतो. नानांचे लाल दिवे का थांबले याचा मी एवढा तपास केला, पण गाडीत बसून यावं हे मला सुचलं नाही. आलो असतो तर भांडं फुटलं असतं ना! माझी मलाच शरम वाटते. भावोजींची क्षमा माग. त्यांच्याकडून कान धरून घ्यायला मी येतोच आहे.

दहा मेला खोली सोडतोय, अकराला सकाळी पोचतो. या वेळी कुणाला विचारत नाहीये.

तुझा

३ मे

चि. यास अनेक आशीर्वाद.

हे मी सांगतोय आणि तुझी ताई लिहितेय. तिने मधे आपलं काही घुसडलं तर ते माझं समजू नये. खाली सही मी स्वतः करणार आहे, वाकडी असली तरी.

सही केली नाहीस ते बरोबर केलंस. हे मी आता सगळ्यांना सांगतोय, आधीच्या सांगण्यापेक्षा मोठ्या आवाजात. अक्षरं फुटत नाहीत नीट, पण लोकांना कळतं.

तू आम्हाला फसवत होतास आणि आम्ही दोघं तुला फसवत होतो. आपल्या घरात आता कुणाच्या शब्दाला काडीची किंमत उरलेली नाही. त्यामुळे अकराला येतोस हेही मी धरून चालणार नाही. तिकिटाचा फोटो ताईच्या फोनवर पाठव. तारीख दिसली पाहिजे.

पोचलास की थेट आत ये. माझी खुर्ची खिडकीशी आहे. दारातून येणारा माणूस माझ्या डाव्या हाताला येतो, आणि तिथे मला कुणीच दिसत नाही, अगदी जवळ येऊन उभं राहिलं तरी. तेव्हा नुसता दारात उभा राहून मी बघायची वाट बघू नकोस, आणि नानांनी ओळखलं नाही असं मनात आणू नकोस. खुर्चीला वळसा घाल. उजवीकडे येऊन उभा राहा.

नाना